दांड्याला आवतण

"कागद आहे का जी बाई, एखादा? रद्दी असली तरी चालते."

सकाळी कुंपणावरून हा प्रश्न आला की समजायचे, काकाजी पंपावरची रात्रपाळी करून आले, आंघोळ झाली, चहा झाला आणि आता ते मशीनपाशी बसणार. आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटायचे की हे गृहस्थ कविता करतात. मलाही वाटले होते. शेजारधर्म म्हणून मी त्यांना चांगला रेघांचा फुलस्केप कागद दिला आणि अदबीने विचारले, काय लिहिता? त्यांनी कागद उजेडात धरला, दोन बोटांत चोळून पाहिला, "हा जाड आहे, हा आखरीले पाह्यजे," म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला.

काकाजी लिहीत नव्हते. ते कागद कापत होते, आणि तेही कात्रीने नाही, गवत कापायच्या यंत्राने.

आता फुटाळ्याच्या आमच्या त्या वस्तीत गवत कापायचे यंत्र कशाला, असे तुम्ही विचाराल. सगळेच विचारायचे. प्रत्येकाच्या दारापुढे हात-दोन हात मुरूम, त्यावर तुळस किंवा गेला बाजार पपईचे झाड. हिरवळ म्हणावी असे काही आमच्यापैकी कोणाकडे नव्हते. काकाजींच्या अंगणात तर काकूंनी वाळत घातलेल्या मिरच्यांखेरीज काही पसरलेले मी पाहिले नाही. पण ओसरीवर, जिथे दुसऱ्यांच्या घरी सायकल असते, तिथे पोत्यावर ते मशीन बसलेले असे. दोन बाजूंना दोन लोखंडी चाके, मध्ये पिळाच्या पात्यांचा गोल पिंजरा आणि त्याच्या पोटाखाली एक आडवे, न हलणारे पाते. पिंजरा फिरला की गवत त्या दोन पात्यांच्या मध्ये सापडते आणि कापले जाते. धार लागली की नाही हे पाहायला गवत लागत नाही. कागदाची पट्टी आत सरकवायची आणि पिंजरा हाताने फिरवायचा. कागद कापला गेला तर धार आहे, नुसता चुरगळला तर नाही. काकाजींचा कागद बरेच महिने चुरगळत होता.

काकाजी तेव्हा पन्नाशीचे होते. नळखात्याच्या पंपावर कामाला. अंगाने वाळके, खाकी हाफपँट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काम करताना ते मशीनचे नट तोंडात धरत, आणि काम नेहमीच चाललेले असल्यामुळे तोंडात नट नेहमीच असत. बरेचसे बोलणे ते नटाच्या आजूबाजूने बोलत. नट काढून तळहातावर घेतला की आता महत्त्वाचे काही बोलणार हे आम्हा शेजाऱ्यांना कळायचे.

मशीन त्यांच्या वडिलांचे. वडील सिव्हिल लाईन्समधल्या एका बंगल्यावर माळी होते. गोरा साहेब आपल्या देशी परत गेला तेव्हा त्याने खुर्च्या-टेबले विकली, कुत्रा डॉक्टरला दिला आणि हे मशीन माळ्याला. पुढे वडिलांनी आयुष्यभर निरनिराळ्या बंगल्यांवर ते चालवले. ते एकट्याने चालत नाही. मागे एकजण दांडा धरून ढकलतो आणि पुढे एकजण दोरीने ओढतो. वडील ढकलायचे आणि दोघे मुलगे, काकाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ लहान्या, आळीपाळीने ओढायचे.

वडिलांचे एक तत्त्व होते, आणि त्या तत्त्वावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. जे गवत खाते ते जनावर. मशीन गवत खाते, तेव्हा तेही जनावर. म्हणून पोळ्याच्या दिवशी त्यांच्या घरी बैल नसला तरी मशीनला सुट्टी असे. त्याला धुवायचे, तेल लावायचे, झेंडूची माळ घालायची, पुरणपोळीचा घास पात्यांपुढे ठेवायचा. आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना जेवायचे आवतण देतात, तेही व्हायचे. मशीनचे खांदे म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन लोखंडी कान, जिथे दांडा नट-बोल्टने बसतो. साहेबाने हे पाहिले असते तर तो कदाचित कुत्रासुद्धा माळ्यालाच देऊन गेला असता.

वडील गेले आणि वाटणी झाली. वाटणीला त्यांचे मामा बसले. मामा फार न्यायी माणूस. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी पितळेचे गंज, म्हणजे पातेली, निम्मे-निम्मे केले, खाट एकेक दिली, पाटा थोरल्याला दिला आणि वरवंटा धाकट्याला. मशीनपाशी आल्यावर त्यांनी पाना मागवला, खांद्यांचे नट सोडले, धड काकाजींच्या बाजूला सरकवले आणि दांडा आणि दोरी लहान्याच्या. गवत गोळा करायची पत्र्याची पेटी उरली. तिचे दोन भाग होईनात म्हणून ती काकूंना दिली, आणि काकू तिच्यात कांदे ठेवू लागल्या.

तेव्हा काकाजी एक वाक्य बोलून गेले. "दांडा घेऊन काय करशील गा, लुगडं वाळू घालशील?" वाक्य साधेच होते, पण दहा माणसांत बोलले गेले. लहान्याने दांडा खांद्यावर टाकला आणि शहराबाहेर वाडी नावाच्या गावी निघून गेला. तिथे एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो कामाला होता. त्यानंतर बरीच वर्षे दोघे भाऊ लग्नात आणि मयतीत भेटत, ते एकमेकांकडे पाठ करून. लहान्याचे म्हणणे, बोलावल्याशिवाय येणार नाही. काकाजींचे म्हणणे, आपल्याच घरी यायला बोलावणे कशाला लागते. दोघांचेही बरोबर होते, म्हणून काही होत नव्हते.

मी शेजारी राहायला गेले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षे झाली असतील, आणि काकाजींनी मशीन दुरुस्तीला काढले होते. कशासाठी, असे विचारले तर तोंडातला नट काढून सांगत, "बाबाच्या हातचा आवाज आयकाचा आहे एकदा." ते खरेच होते, पण अर्धेच. उरलेले काकूंनी मला कांदे निवडता निवडता सांगितले. "याइले आवाज नाही पाह्यजे वं बाई. भाऊ पाह्यजे. पन ते तोंडातून निघत नाही, म्हनून लोखंड घासून राहिले."

लोखंड मात्र त्यांनी मन लावून घासले. गंज सोडवायला मशीनला रॉकेलचे स्नान घातले. रेशनचे रॉकेल आधी मशीन पिणार, मग स्टोव्ह, असा त्या घरचा क्रम होता. मग कुठूनशी मोटारीच्या कामातली खरखरीत पेस्ट आणली, पात्यांना फासली आणि पिंजरा उलटा फिरवायला लागले. उलटा फिरवला की वरची पाती आणि खालचे पाते एकमेकांना घासून धार लावतात. खडे निवडायचे राहिलेली डाळ जात्यात घातली तर जसा आवाज होईल तसा तो आवाज होता, आणि काकाजींची पाळी रात्रीची असल्याने तो भर दुपारी, आमच्या वामकुक्षीच्या वेळी निघायचा. गल्लीतल्या लोकांनी निषेध केला. काकाजी म्हणाले, "एवढी धार लागू द्या, मंग सर्वाइची लॉन मीच कापून देतो." लॉन कोणाकडेच नसल्याने हा उपकार कोणाला घेता आला नाही.

हळूहळू कागद कापला जाऊ लागला. पण मध्ये कापला जाई आणि कडेला चुरगळे. मग दोन्ही कडेचे स्क्रू अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. की कडेला कापला जाई आणि मध्ये चुरगळे. या काळात काकाजी कागदाचे मोठे जाणकार झाले. वर्तमानपत्र कोणीही कापेल. कॅलेंडरचा कागद मध्यम. लग्नपत्रिका ही खरी परीक्षा, असे त्यांचे मत होते. लग्नसराईत गल्लीत आलेली एकही पत्रिका शाबूत राहिली नाही. आमच्या घरी पत्रिका यायची, मी मुहूर्त तोंडपाठ करायची आणि पत्रिका कुंपणावरून द्यायची. एकदा त्यांनी आमच्या ओट्यावरचे ताजे वर्तमानपत्र रद्दी समजून नेले. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी अग्रलेख पट्ट्या जुळवून वाचला आणि म्हणाला, काही फरक पडत नाही.

धड तयार झाले. राहिला दांडा. दांडा वाडीला, लहान्याकडे.

काकूंनी दोनदा सुचवले, जाऊन मागा. काकाजींनी दोन्ही वेळा तोंडात जास्तीचा नट घातला. मग त्यांनी स्वतःच दांडे बनवले. पहिला खाटेच्या पायाचा. तो इतका आखूड झाला की चालवताना काकाजी हरवलेली चवली शोधत असल्यासारखे वाकून चालायचे. दुसरा जुन्या सायकलच्या हँडलचा. हँडलला घंटी होती. ती काढा म्हटले तर म्हणाले, "समोर माणूस आला म्हणजे?"

मी मुलींच्या शाळेत शिकवायची. ऑफिससमोर झेंड्याच्या खांबाभोवती गवताचा चांगला मोठा तुकडा होता आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. आमच्या मोठ्या बाईंना मीच सांगितले की शेजारी एकांचे विलायती मशीन आहे. मोठ्या बाईंना विलायती म्हटले की बरे वाटायचे. काकाजी हातगाडीवर मशीन घालून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडात नट. शाळेचा शिपाई दोरीने ओढायला लागला आणि काकाजी ढकलायला.

पावसाचे गवत गुडघ्याला लागत होते आणि वर ओले. मशीनने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि घसा दाटून थांबले. शिपायाला ते कळले नाही, तो ओढतच राहिला. काकाजी घंटी वाजवत राहिले. शिपायाला वाटले, घंटी म्हणजे जोरात ओढ. सायकलचे हँडल गर्रकन फिरले, काकाजी बाजूच्या मेंदीत बसले आणि मशीन एकटेच झेंड्याच्या खांबापर्यंत जाऊन आपटले. सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत वेण्याच वेण्या दिसत होत्या. गवतात मात्र, ऐन खांबापुढे, अर्धवट भादरलेल्या डोक्यासारखा एक चट्टा पडला. पंधरा ऑगस्टला मोठ्या बाईंनी त्याच्यावर कुंड्या मांडल्या आणि माझ्याशी आठवडाभर कामापुरतेच बोलल्या.

परत येताना हातगाडी काकाजींनी एकट्यानेच ढकलली. घराजवळ आल्यावर नट काढला आणि म्हणाले, "ओढनाऱ्याले ढकलनाऱ्याचं मन समजलं पाह्यजे. शिपाई चांगला आहे, पन तो आमच्या घरचा नाही."

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. काकाजी नेहमीप्रमाणे वाटीत तूप-हळद घेऊन ओसरीवर बसले. मी कुंपणाशी होते. त्यांनी मशीनच्या डाव्या कानाला तूप चोळले, उजव्या कानाला चोळले आणि त्या लोखंडाला हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "खांदा उघडा आणि त्याले तूप लावता. हेच बोलनं वाडीले जाऊन बोलले असते त आतापर्यंत दहा पोळे झाले असते."

काकाजींनी वाटीतले बोट काढले, हाफपँटला पुसले. मग उठले, हाफपँट बदलून धोतर नेसले आणि वाटीवर झाकणी ठेवली. काकूंनी मला हळूच सांगितले, "बाई, तुम्ही संग जा. नाही त हे बसमधूनच परत येतीन."

अमरावती रोडच्या त्या बसमध्ये काकाजी वाटी दोन्ही हातांत धरून बसले होते. वाडीला उतरल्यावर ट्रकांच्या रांगांमधून आम्ही लहान्याची खोली शोधली. दार उघडेच होते. लहान्या नुसत्या बनियनवर चहा पीत बसला होता. हुबेहूब काकाजी, फक्त चष्म्याच्या दोन्ही काड्या शाबूत. मोठ्या भावाला पाहून तो उभा राहिला आणि कप हातात तसाच राहिला. त्याच्या मागे भिंतीला दोन खिळ्यांवर दांडा टांगलेला होता. त्याच्यावर लुगडे नव्हते. टॉवेलसुद्धा नव्हता. लाकूड तेलाने चमकत होते, लोखंडाला गंज नव्हता, आणि एका टोकाला गेल्या पोळ्याचा वाळलेला झेंडू लटकत होता.

माझ्या लक्षात आले आणि काकाजींच्या तर आलेच असेल. इतकी वर्षे अर्धे जनावर फुटाळ्याला पुरणपोळी खात होते आणि अर्धे वाडीला.

काकाजी भावाशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ भिंतीपाशी गेले, वाटी उघडली, दांड्याच्या दोन्ही टोकांना तूप-हळद चोळली आणि दांड्यापुढे हात जोडले. म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग वळले आणि चपला घालून बाहेर पडले. लहान्याच्या बायकोने आणलेले पाणीसुद्धा मीच प्यायले. निघताना मी लहान्याकडे पाहिले. तो दांड्याकडे पाहत होता.

"दांडा देनार नाही," तो मला म्हणाला. "वाटनीत आला आहे तो. लावाचा असन त मीच येऊन लावीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी लहान्या खांद्यावर दांडा घेऊन गल्लीत शिरला. कंडक्टरने बसमध्ये घ्यायला नाही म्हटले होते, पुढच्याला टोक लागते म्हणून. तो वाडीहून पायी आला होता. काकाजी ओसरीवर बसले होते, उठले नाहीत. नुसते पोत्यावर थोडे सरकले. लहान्याने दांडा खांद्यांवर टेकवला, काकाजींनी तोंडातले नट एकेक काढून दिले, लहान्याने ते बसवले. इतक्या वर्षांनी भोकाला भोक जुळले.

"गंजला नाही," काकाजी म्हणाले.

"काहून गंजन? दर पोळ्याले धुतो."

एवढे बोलणे झाल्यावर दोघे उठले आणि मशीन अंगणात आणायला लागले. मीही उत्सुक होते, मोठ्या बाईंचा चट्टा डोळ्यांपुढे होता. तेवढ्यात काकाजी थांबले. त्यांनी तोंडात हात घातला, पण तिथे नट उरला नव्हता. "आज पोळा आहे," ते म्हणाले. "बाबा काय म्हने?"

"पोळ्याले जनावर कामाले लावाचं नाही," लहान्या म्हणाला.

दोघेही मशीनकडे पाहत उभे राहिले. मग काकाजी दुसरीकडे पाहत म्हणाले, "मंग तुले आज राहाच लागते."

लहान्या राहिला. काकूंनी पोळ्या केल्या आणि तो वाढताना पुरे म्हणाला नाही. एवढ्या वर्षांत दोन्ही भावांना एकत्र आणू न शकलेले सगळे नातेवाईक एकीकडे आणि त्या मेलेल्या माळ्याचा एक नियम एकीकडे. मला तर हसूही येत होते आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही लपवायला मी आमटीचे भांडे घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी मारबतीची सुट्टी. सगळे शहर इडापिडा घालवणाऱ्या त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला जुन्या वस्तीत, महालाकडे गेलेले आणि शाळा रिकामी. आदल्या संध्याकाळी मी घरी जाऊन विचारल्यावर मोठ्या बाईंनी कशीबशी परवानगी दिली होती. या वेळी भावांनी आधी विळ्यांनी गवत कमी करून घेतले, ऊन खाऊ दिले. मग ढकलायचे कोणी यावर थोडा वेळ गेला. थोरला म्हणून दांडा काकाजींनी धरावा, असे लहान्याचे म्हणणे. काकाजी म्हणाले, "दांडा तुझा आहे." त्यांनी दोरी आपल्या कमरेला घेतली आणि ओढायला लागले.

मशीन चालले. बारीक, एकसारखा, कोरडा आवाज होता, तांदूळ सुपात पाखडतात तसा. मागे गवत चटईसारखे पडत गेले. काकाजी मान खाली घालून ओढत होते. वळणावर थांबले नाहीत, दोरी फक्त थोडी सैल सोडली आणि लहान्या आपोआप वळला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आयका." मी म्हटले, ऐकतेय. खांबापुढचा चट्टा संध्याकाळपर्यंत कुठे होता ते सांगता आले नसते.

घरी आल्यावर लहान्याने पाना मागितला आणि दांडा सोडवला. मला वाटले, आता झाले, पुन्हा भांडण. पण काकाजी नट तोंडात धरून निवांत पाहत होते. "वाटनी म्हणजे वाटनी," ते म्हणाले. दांडा खांद्यावर टाकून लहान्या वाडीला गेला.

पुढे दर वर्षी हेच. आदल्या संध्याकाळी काकाजी वाटी घेऊन वाडीला जायचे आणि दांड्याला आवतण द्यायचे, भावाला कधीच नाही. दुसऱ्या दिवशी दांडा यायचा आणि त्याच्यामागून भाऊ. पोळ्याचा मुक्काम, मारबतीला शाळा, संध्याकाळी दांडा परत. कंडक्टरसुद्धा ओळखू लागला. मशीन कायमचे जोडून का टाकत नाही, असे मी एकदा विचारले. काकाजी म्हणाले, "बाई, जोडून टाकलं त मंग तो कायले येईन?"

असे काही पोळे गेले. मग एका हिवाळ्यात काकाजी गेले. पंपावरून आले, चहा मागितला, आणि चहा यायच्या आत. ओसरीवर मशीनशेजारी त्यांचा पत्र्याचा डबा पडला होता, आत नट होते. कुंपणावरून कागदाची हाक यायची थांबली. आमच्या घरी रद्दी साचायला लागली, आणि ती विकावीशी मला वाटेना.

पुढचा पोळा आला तेव्हा आदल्या संध्याकाळी वाडीला कोणी गेले नाही. काकूंनी पुरण मात्र नेहमीएवढेच शिजवले. दुपारी लहान्या आला, खांद्यावर दांडा. आवतण कोणी दिले नव्हते. त्याने मशीन धुतले, खांद्यांना तूप चोळले, दांडा बसवला. मग कुंपणाशी आला आणि खाली पाहत म्हणाला, "कागद आहे का जी बाई, एखादा?"

मी त्याला लग्नपत्रिका दिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापली गेली.

दुसऱ्या दिवशी दोरी मी ओढली. मला वळणावर सैल सोडायचे कळत नव्हते, लहान्याने सांभाळून घेतले. संध्याकाळी काकूंनी दरवर्षीसारखा पाना ओसरीवर आणून ठेवला. लहान्याने तो उचलला, नटांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावले.

"दांडा राहिला न भाऊजी," काकू म्हणाल्या.

"राहू द्या वैनी. खांदा उघडा राहाले नको."

चप्पल घालून तो गल्लीतून निघाला. इतकी वर्षे जाताना खांद्यावर दांडा असायचा. आता दोन्ही हात मोकळे होते, आणि बसस्टॉपपर्यंत त्याला ते कुठे ठेवावे हे कळत नव्हते.